पाच फुटांचे अंतर : एका प्रेमपटाची वैद्यकीय पूर्वपीठिका

१५ मार्च २०१९ रोजी अमेरिकेत ‘फाइव्ह फीट अपार्ट’ या नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शन जस्टिन बाल्डोनी यांचे असून पटकथा मिकी डॉट्री व टोबायस आयकोनिस या दोघांनी मिळून लिहिली होती. तीवरून रेचेल लिपिन्कॉट यांनी रचलेली कादंबरी चित्रपटाच्या आधीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, वाचकांच्या हाती पडली होती. सुमारे सत्तर लाख डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने जगभरात नऊ कोटी डॉलरांच्या घरात उत्पन्न मिळविले. सतरा वर्षांची स्टेला आणि तिच्याच वयाचा विल हे दोघेही सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात व्याधीने ग्रस्त आहेत. एकाच रुग्णालयात एकाच मजल्यावर त्यांचे वास्तव्य आहे. त्यांचे परस्परांवर प्रेम बसते. परंतु या व्याधीच्या दोन रुग्णांनी एकमेकांपासून किमान सहा फूट दूर राहिले पाहिजे, असा नियम असल्यामुळे त्यांना हातात हातही घेता येत नाही. एवढ्या कथासूत्रावर दोन तासांचा हा चित्रपट उभा आहे.

या चित्रपटाविषयी जे लेखन झाले, त्यात दुर्धर रोगाने ग्रासलेल्या कुमारवयीन प्रेमिकांच्या रूढ कथांत त्याची गणना करून विषय बहुधा संपविण्यात आला. कुलवैर, वर्णभेद, दारिद्र्य यांच्या भिंती जशा जुन्या प्रेमकथांतून उभ्या असतात, तशीच ही सहा फुटांची भिंत, असा त्या लेखनाचा एकंदर सूर दिसतो. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र हे विवेचन अपुरे वाटावे. कुलवैराला जन्मतारीख नसते. या सहा फुटांना ती आहे. एवढेच नव्हे, तर या व्याधीने ग्रस्त असा सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ही व्यक्तीच मुळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अस्तित्वात आलेली आहे. चित्रपटातील प्रेमिक आणि त्यांच्यामधील अंतर ही दोन्ही एकाच वैद्यकीय इतिहासाची अपत्ये होत. तो इतिहास ध्यानात घेतल्यावाचून चित्रपटाचे बळ कोठे आहे आणि त्याचा तोल कोठे गेला आहे, हे नीट उमगत नाही.

रुग्ण प्रेमिकांची परंपरा तशी जुनी आहे. धाकट्या द्युमाची ‘ला दाम ओ कामेलिया’ ही कादंबरी १८४८ मध्ये प्रसिद्ध झाली. १८५२ मध्ये तिचे नाटक रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षी व्हेर्दीने त्याच कथेवर ‘ला त्राव्हियाता’ ही संगीतिका रचली. नायिका क्षयाने मरते. पण तिच्या उशाशी बसण्यास, तिला आलिंगन देण्यास प्रियकराला कोणतीही आडकाठी नाही. क्षय हा संसर्गजन्य रोग आहे, ही गोष्ट रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केल्यावर निर्विवाद ठरली. तोपर्यंत या रोगाकडे प्रकृतिदोष किंवा कुलदोष म्हणून पाहण्याचा प्रघात युरोपात बराच रूढ होता आणि रंगभूमीवरील त्या आलिंगनास तोच पोषक होता. कॉखनंतर क्षयी माणसाचे ताटवाटी वेगळी ठेवण्याची रीत पडली. मराठी घरांनाही ती अपरिचित नव्हती. आरोग्यधामांतून स्त्रीपुरुषांच्या भेटीगाठींवर निर्बंध आले. तथापि तेथे राहणारे सर्वच क्षयी असल्यामुळे एकाने दुसऱ्याजवळ बसण्यात नवा धोका आहे, असे कोणी मानीत नसे. ते निर्बंध विश्रांतीसाठी आणि नीतीसाठी होते. अमेरिकेतील सॅरानॅक लेक येथील आरोग्यधामाच्या परिसरात रुग्णांच्या अशा प्रेमप्रकरणांना ‘चुलतपणा’ अशा अर्थाचा एक मिस्कील शब्दच रूढ झाला होता; त्यावरून निर्बंधांचे पालन कितपत होत असे, याची कल्पना येते.

क्षयावर औषधे निघाल्यावर कथाकारांनी कर्करोगाकडे मोर्चा वळविला. १९७० चा ‘लव्ह स्टोरी’, हिंदीतील १९७८ चा ‘अँखियों के झरोखों से’ आणि २०१४ चा ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही या वळणाची प्रसिद्ध उदाहरणे होत. शेवटच्या चित्रपटाचे ‘दिल बेचारा’ हे हिंदी रूपांतर २०२० मध्ये आले. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. त्यामुळे या सर्व कथांत प्रेमिकांना जवळिकीची पूर्ण मुभा आहे आणि वियोग घडविण्याचे काम एकट्या मृत्यूकडे आहे. ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ मधील दोघे तरुण रुग्ण प्रथम भेटतात, ते रुग्णांच्या एका आधारमंडळात. अनेक आजारी मुले एका खोलीत वर्तुळ करून बसतात आणि आपापली दुःखे सांगतात. ‘फाइव्ह फीट अपार्ट’ मधील मुलांना नेमके हेच वर्ज्य आहे. स्टेला, विल आणि त्यांचा मित्र पो हे एका मजल्यावर राहून संगणकाच्या पडद्यावरून बोलतात. पूर्वीच्या कथांत रोग एकाला नेत असे आणि दुसरा त्याच्यासाठी रडत असे. येथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या मृत्यूचे कारण होऊ शकतो. परंपरेत हा फरक कोठून आला, याचे उत्तर साहित्यात शोधून मिळणार नाही.

या व्याधीचे स्वतंत्र वर्णन १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डोरोथी अँडरसन यांनी केले. पोषण न होता दगावलेल्या अर्भकांच्या शवविच्छेदनात त्यांना स्वादुपिंडात तंतुमय गाठी व पोकळ्या आढळल्या. त्या काळी अशा बालकांची गणना सरसकट दुसऱ्याच एका पचनविकारात होत असे. फुप्फुसांतील दाट, चिकट कफ आणि स्वादुपिंडाची ही विकृती एकाच रोगाची अंगे आहेत, हे अँडरसन यांच्या निबंधाने प्रस्थापित झाले. रोगाचे नाव स्वादुपिंडातील त्या गाठींवरून पडले आणि तेच पुढे टिकले, जरी बहुतेक रुग्णांचा घात फुप्फुसेच करीत आली. त्यावेळी अशी बालके फार तर काही महिने किंवा थोडी वर्षे जगत. सतराव्या वर्षी प्रेमात पडणारा रुग्ण १९३८ च्या वैद्यकास जवळजवळ अकल्पनीय होता.

पुढचा महत्त्वाचा दुवा हवामानाने पुरविला. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची तीव्र लाट आली. उष्माघाताने रुग्णालयात आणलेल्या मुलांत या व्याधीच्या मुलांचे प्रमाण चकित करणारे होते, असे अँडरसन व त्यांचे सहकारी वॉल्टर केसलर यांनी १९५१ मध्ये नोंदविले. या मुलांच्या घामातून मीठ अवाजवी प्रमाणात जाते, हे पॉल दि सांताग्नेझे यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. ज्या मुलाच्या कपाळाचे चुंबन खारट लागते ते फार काळ जगत नाही, अशी समजूत युरोपातील लोकपरंपरेत पूर्वीपासून नमूद आहे. तिचा अर्थ आता लागला. चुंबन हेच एकेकाळी या रोगाच्या निदानाचे साधन होते, ही गोष्ट चुंबनच निषिद्ध ठरलेल्या चित्रपटाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी घाम गोळा करण्याची सुरक्षित पद्धत शोधली आणि निदान खात्रीचे झाले.

निदान लवकर होऊ लागल्यामुळे उपचारही लवकर सुरू करता आले. १९५५ मध्ये रुग्णांच्या पालकांच्या पुढाकाराने अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनची स्थापना झाली. १९५७ पासून क्लीव्हलँड येथे लेरॉय मॅथ्यूज यांनी व्यापक उपचारांचा कार्यक्रम हाती घेतला : स्वादुपिंडाची पाचकद्रव्ये अन्नाबरोबर देणे, पाठ व छाती थोपटून कफ मोकळा करणे, प्रतिजैविके, आणि रात्री दमट हवेच्या तंबूत झोपविणे. यांपैकी तंबूचा उपयोग पुढे निष्फळ ठरून १९७० नंतर मागे पडला. बाकीचे उपचार सुधारत राहिले. एका लहान मुलाने रोगाचे अवघड नाव ‘सिक्स्टी-फाइव्ह रोझेस’, म्हणजे पासष्ट गुलाब, असे ऐकले आणि तो शब्द रुग्णकुटुंबांत कायमचा रूढ झाला, तोही याच काळात. पालकांना, मुलांना आणि वैद्यांना आपण एका समुदायाचे घटक आहोत असे वाटू लागले होते. ज्यांची पाचवी-सहावी इयत्ताही पाहावयास मिळेल की नाही अशी शंका होती, ती मुले आता तारुण्यात पाऊल टाकीत होती, आणि तारुण्याबरोबर येणाऱ्या सर्व गोष्टी त्यांच्याही वाट्यास येऊ लागल्या होत्या.

या समुदायाचे सर्वांत आनंदाचे स्थान म्हणजे उन्हाळी शिबिरे. अमेरिकेत आणि कॅनडात अशी शिबिरे बरीच वर्षे भरत. वर्षभर शाळेत एकटा खोकणारा मुलगा तेथे आपल्यासारख्याच खोकणाऱ्या मुलांत आठवडाभर राही, पोहे, खेळे. रोज घ्यावयाचे उपचार सगळ्यांनाच घ्यावयाचे असल्यामुळे ते लपविण्याची गरज नसे. कित्येकांना आयुष्यातील पहिला मित्र किंवा पहिली मैत्रीण तेथे मिळाली. एका अर्थी सॅरानॅक लेकच्या आरोग्यधामाचीच ही नवी, तरुण आणि हसतीखेळती आवृत्ती होती. त्यात धोका असेल, असे प्रारंभी कोणालाच वाटले नाही. कारण ही व्याधी आनुवंशिक आहे, ती एकाची दुसऱ्याला लागत नाही, हे पक्के ठाऊक होते. व्याधी लागत नाही हे खरेच होते. तिच्या आश्रयाने फुप्फुसांत वस्ती करणारे जंतू मात्र एकाचे दुसऱ्याला लागत होते, आणि हा भेद ध्यानात येण्यास फार मोठी किंमत मोजावी लागली.

ज्या जंतूने हे उघडकीस आणले, त्याची कुळकथा चमत्कारिक आहे. कॉर्नेल विद्यापीठातील वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कांद्याच्या एका सडरोगाचे कारण म्हणून त्याचे वर्णन केले. लॅटिनमधील कांद्याच्या नावावरून त्यास ‘सेपेशिया’ हे नाव मिळाले. १९९२ मध्ये वर्गीकरण बदलून त्याच्या प्रजातीस बर्कहोल्डर यांचेच नाव देण्यात आले. निरोगी माणसास हा जंतू सहसा उपद्रव देत नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत त्याचे वर्तन निराळे आहे. टोरंटो येथील वैद्यांनी १९८४ मध्ये नोंदविले की, त्यांच्या रुग्णांत या जंतूचा प्रादुर्भाव वाढत असून काही रुग्ण बरे चाललेले असताना एकाएकी ज्वर व फुप्फुसदाह होऊन अल्पावधीत दगावतात. बहुतेक प्रतिजैविकांना तो दाद देत नसे.

हा जंतू रुग्णास मिळतो कोठून, या प्रश्नावर पुढील दहा वर्षे खल चालला. पाणी, माती, रुग्णालयातील उपकरणे यांवर प्रथम संशय होता. १९९० मध्ये जॉन लिपुमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूच्या आनुवंशिक खुणा पडताळून तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्याचा पुरावा दिला. १९९३ मध्ये जॉन गोव्हन व इतरांनी एडिंबरो व मँचेस्टर येथील प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि रुग्णालयाबाहेरील स्नेहसंबंधांतून, भेटीगाठींतून, हा जंतू पसरतो, असे दाखविले. त्याचा एक विशेष घातक वाण तर एडिंबरो आणि टोरंटो या दोन्ही शहरांत सापडला आणि त्या दोन्ही नावांनीच ओळखला जाऊ लागला. त्याच वर्षी उन्हाळी शिबिरांतील प्रसाराची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. शिबिरे बंद झाली.

या घटनेचे गांभीर्य संख्येत मोजण्यापेक्षा तिच्या स्वरूपात आहे. वैद्यांनी रुग्णांना जे सांगितले, त्याचा इत्यर्थ असा होता की, तुमचे दुःख ज्याला सर्वांत जास्त कळते, त्यापासूनच तुम्ही दूर राहिले पाहिजे. पालकांनी तीस वर्षे खपून उभा केलेला समुदाय शरीराने विखुरला गेला. रुग्णालयांत जंतुयुक्त आणि जंतुमुक्त रुग्णांचे दिवस, मजले, प्रतीक्षागृहे निराळी करण्यात आली. हा वेगळेपणा रुग्णांना सुखासुखी पटला नाही आणि वैद्यांतही त्याविषयी एकमत व्हावयास वेळ लागला. मित्राला भेटावयाचे की स्वतःची फुप्फुसे सांभाळावयाची, हा निर्णय अखेर रुग्णांनाच करावयाचा होता, आणि रुग्ण आता निर्णय घेण्याच्या वयाचे झाले होते. क्षयाच्या इतिहासात रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये रेषा होती. येथे ती रोगी आणि रोगी यांच्यामध्ये ओढावी लागली, आणि त्याला वैद्यकाच्या इतिहासात फारसा पूर्वदाखला नव्हता.

रेषेची लांबीही एकदम ठरलेली नाही. फाउंडेशनच्या २००३ च्या नियमावलीत रुग्णांमध्ये तीन फुटांचे अंतर सांगितले होते. खोकल्यातील तुषार त्यापेक्षा दूर जाऊ शकतात, असे दिसून आल्यावर २०१३ च्या नियमावलीत ते सहा फूट करण्यात आले, आणि कोणाच्या फुप्फुसांत कोणता जंतू आहे याचा विचार न करता सर्वच रुग्णांना ते लागू झाले. चित्रपटातील सहा फूट ते हेच. चित्रपट निघाला तेव्हा त्या नियमास जेमतेम सहा वर्षे झाली होती.

आता चित्रपटाकडे वळता येईल. विलच्या फुप्फुसांत हाच सेपेशिया जंतू आहे आणि त्यावरील एका प्रायोगिक औषधासाठी तो रुग्णालयात आला आहे. स्टेला नवी फुप्फुसे मिळण्याची वाट पाहत आहे. तिला जंतूचा संसर्ग झाला तर ती संधी हातची जाईल. स्टेला ही औषधे घड्याळाच्या काट्यावर घेणारी, शिस्तीची मुलगी. तर विल उपचारांना कंटाळलेला. मध्यंतराच्या सुमारास स्टेला ठरविते की, रोगाने आपले इतके काही चोरले आहे, तेव्हा आपणही त्याचा एक फूट चोरावा. पूल या खेळाची काठी ती माप म्हणून हाती घेते. एक टोक तिच्या हातात, दुसरे विलच्या. अशी काठी सुमारे ५८ इंच भरते, म्हणजे पाच फुटांना दोन इंच कमीच. पण काव्यात एवढी सूट द्यावयास हरकत नाही.

या प्रसंगाचा प्रेक्षकांवर जो परिणाम झाला, तो यथार्थ आहे. दोघे काठीच्या दोन टोकांनी चालत जातात, त्या दृश्यात स्पर्शाची जागा एका निर्जीव वस्तूने घेतलेली दिसते आणि शब्दांची गरज उरत नाही. तथापि चोरीची ही कल्पना इतिहासाशी ताडून पाहिली, तर तिच्यातील गोंधळ दिसून येतो. स्टेला जो फूट परत घेते तो रोगाने घेतलेला नव्हता. तिच्यापूर्वीच्या रुग्णांच्या मृत्यूंवरून शिकलेल्या लोकांनी तो तिच्या रक्षणासाठी मोजून दिला होता. २०१३ पूर्वीच्या नियमाप्रमाणे तीन फुटांवर उभे राहणे मान्यच होते, ही गोष्टही चित्रपटात कोठे येत नाही. नियमाला भूतकाळ नाही असे मानल्यामुळे तो दैवासारखा दिसू लागतो, आणि दैवाशी झगडणे हे तर प्रेमिकांचे कामच.

चित्रपटात भूतकाळ डोकावतो तो एकाच ठिकाणी. बार्ब ही मजल्याची प्रमुख परिचारिका दोघांवर फार कडक नजर ठेवते. पूर्वी अशाच दोन रुग्णांच्या प्रेमापुढे आपण मन मऊ केले आणि दोघेही गमावले, असे ती सांगते. हे निवेदन दोन-तीन मिनिटांत आटोपते. पण संपूर्ण पटकथेत इतिहासाच्या दृष्टीने याहून मोलाचा भाग दुसरा नाही. शिबिरे बंद करणाऱ्या पिढीचा अनुभव त्यात साठलेला आहे. बार्बची भूमिका किंबर्ली हेबर्ट ग्रेगरी यांनी अशी केली आहे की, तिच्या कठोरपणामागचे ओझे लपत नाही. पटकथाकारांनी बार्बला खलपात्र होऊ दिले नाही, हा त्यांचा विवेक मानावयास हवा; मात्र नियमामागची सारी कारणे एकट्या बार्बच्या दुःखात कोंबल्यामुळे तो नियम एका परिचारिकेची भीती म्हणून बाजूस सारण्यास प्रेक्षक मोकळा राहतो.

तपशिलाच्या बाबतीत चित्रपट बराच प्रामाणिक आहे. छातीला हादरे देणारे जाकीट, औषधी वाफ, पोटातून अन्न देण्याची नळी, औषधांच्या ओळी लावलेली गाडी, हे सर्व त्यात केवळ शोभेसाठी आलेले नाही. त्याचे श्रेय मुख्यतः क्लेअर वाईनलंड या तरुणीस जाते. ती स्वतः या व्याधीची रुग्ण होती आणि आपल्या आजाराविषयीच्या चित्रफितींमुळे अमेरिकेत सुपरिचित झाली होती. बाल्डोनी यांची तिची ओळख ‘माय लास्ट डेज’ या माहितीपटमालेच्या निमित्ताने झाली. या व्याधीच्या दोघांना एकमेकांच्या जवळ येता येत नाही, ही गोष्ट तिच्याकडून समजल्यावर त्यांना या चित्रपटाची कल्पना सुचली आणि निर्मितीत त्यांनी तिचा सल्ला घेतला. स्टेला चित्रफिती करून आपल्या उपचारांची माहिती देते, यात क्लेअरची छाया स्पष्ट आहे. फुप्फुसांच्या प्रत्यारोपणानंतर झालेल्या मेंदूच्या आघाताने २ सप्टेंबर २०१८ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्लेअरचे निधन झाले. चित्रपट पूर्ण होऊन पडद्यावर आलेला तिला पाहता आला नाही.

पो याचा मृत्यू हा चित्रपटाचा सर्वांत खरा प्रसंग म्हणता येईल. बालपणापासून शेजारच्या खोलीत वाढलेल्या या मित्राला स्टेलाने कधी मिठी मारलेली नाही, आणि तो गेल्यावर हे तिच्या ध्यानात येते. येथे नियमाची खरी किंमत दिसते. ती प्रणयापुरती मर्यादित नाही. साध्या मैत्रीलाही ती मोजावी लागते. शिबिरे गेल्यावर एका संपूर्ण पिढीचे जे गेले, त्याचे याहून नेमके चित्र दुसऱ्या कोणत्या कथापटाने दिलेले दिसत नाही.

शेवटाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. पोच्या मृत्यूनंतर स्टेला विलला घेऊन रुग्णालयाबाहेर पडते; गोठलेल्या तळ्याचे बर्फ फुटून ती पाण्यात पडते, आणि विल तोंडाला तोंड लावून तिला श्वास देतो. त्याच सुमारास तिच्यासाठी नवी फुप्फुसे उपलब्ध होतात, शस्त्रक्रिया पार पडते, आणि तपासणीत तिला विलच्या जंतूचा संसर्ग झालेला नाही, असे निघते. विल काचेपलीकडून निरोप घेतो. ज्या क्षणी इतिहासातील शिबिरांवर आघात झाला, नेमक्या त्या क्षणी चित्रपटातील जंतू आपले काम विसरतो. संसर्ग प्रत्येक संपर्कात होतोच असे नाही, हे खरे असल्यामुळे पटकथा खोटी ठरत नाही. परंतु बार्बच्या कथेला तिने दिलेले उत्तर योगायोगाचे आहे. विलचा निरोप हा त्यागाचा म्हणून परिणामकारक होतो, आणि त्याचे कारण तो नियम मान्य करतो हेच आहे. पहिल्या भागात ज्याला चोर म्हटले त्याच अंतराला अखेरीस प्रेमाचे कर्तव्य म्हणून स्वीकारलेले दिसते. हे परिवर्तन कसे घडले, हे दाखविण्याऐवजी पटकथेने तळ्याचे बर्फ फोडले.

रुग्णकुटुंबांतून आलेल्या प्रतिक्रिया संमिश्र होत्या. आपल्या आजाराचे नाव प्रथमच घरोघर पोहोचले, याचे समाधान अनेकांना वाटले. पाच फूट या शीर्षकामुळे नियम थोडा मोडला तरी चालतो असा समज होईल, अशी भीती इतरांनी बोलून दाखविली. प्रसिद्धीसाठी परगावी असलेल्या प्रियजनांच्या विरहाची या अंतराशी तुलना करणारी जी मोहीम निघाली, तिच्यावर टीका होऊन ती मागे घ्यावी लागली. विरही माणूस गाडीत बसून भेटावयास जाऊ शकतो, हा टीकाकारांचा मुद्दा बिनतोड होता.

यानंतर सातच महिन्यांनी, २१ ऑक्टोबर २०१९ रोजी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन द्रव्यांच्या एका संयुक्त औषधास मान्यता दिली. या घटनेची मुळे १९८९ मध्ये आहेत. त्या वर्षी टोरंटोचे लाप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांनी सातव्या गुणसूत्रावरील या व्याधीचे जनुक शोधले. जनुक सापडल्यापासून त्यातील दोषावर थेट काम करणारे पहिले औषध मान्य होईपर्यंत, म्हणजे जानेवारी २०१२ पर्यंत, तेवीस वर्षे लोटली, आणि तेही रुग्णांपैकी शेकडा चार-पाचांनाच उपयोगी होते. २०१९ च्या औषधाचा लाभ अमेरिकेतील सुमारे नव्वद टक्के रुग्णांना होऊ शकत होता. प्रारंभी ते बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्य झाले, म्हणजे स्टेला आणि विल यांच्या वयाची मुले त्यात आली. पुढील काळात या व्याधीसाठी होणाऱ्या फुप्फुसरोपणांची संख्या अमेरिकेत झपाट्याने घटली. चित्रपटातील रुग्णालयाचा तो मजला, महिनोन् महिने तेथे राहणारी मुले, नव्या फुप्फुसांची प्रतीक्षा, हे जग ज्या वर्षी पडद्यावर आले त्याच वर्षी मावळू लागले.

ते सर्वत्र मावळले असे मात्र नव्हे. औषधाची अमेरिकेतील वार्षिक किंमत प्रारंभी तीन लाख डॉलरांहून अधिक होती. ज्या जनुकदोषावर ते मुख्यतः काम करते, तो युरोपीय वंशाच्या रुग्णांत सर्वाधिक आढळतो. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण त्यामानाने कमी आहे. भारतात ही व्याधी होतच नाही, असा समज बरीच वर्षे होता आणि त्यामुळे निदानही क्वचितच होई. ज्यांचा रोग ओळखलाच गेला नाही, त्यांच्यासाठी सहा फुटांचा नियम कोणी केला नाही आणि त्यांच्या प्रेमाची कथाही कोणी लिहिली नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे सहा फुटांचे अंतर हा शब्दप्रयोग जगाच्या तोंडी आला, आणि या चित्रपटास द्रष्टेपणाचे श्रेय देणारे लेखनही झाले. ते उचित नाही. चित्रपटाने भविष्य वर्तविले नव्हते. टोरंटो, एडिंबरो आणि बंद पडलेल्या शिबिरांतून आलेला जुना धडा त्याने अर्धामुर्धा सांगितला होता. तो धडा ज्यांनी प्रत्यक्ष गिरविला, त्या रुग्णांना मुखपट्टी लावून दूर बसण्याची सवय २०२० पूर्वीच कित्येक वर्षांची होती. नवे औषध आल्यानंतरही त्यांच्यासाठी २०१३ ची मर्यादा लगेच उठविण्यात आली नाही.